आरएफआयडी रीडरची ट्रान्सीव्हर चिप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीचं वालचंद, कराडचं शासकीय अभियांत्रिकी, राजारामनगरचं आरआयटी, साताऱ्यातली महाविद्यालयं इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलामुलींकडून आणि कुपवाड एमआयडीसीतल्या एक-दोन छोट्या उद्योजकांकडून तेच ते प्रश्न येत राहतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. आरएफआयडी म्हणजे रेडिओ लहरींनी वस्तू ओळखणं : वस्तूवर टॅग, म्हणजे ओळख क्रमांक साठवलेली छोटी चिप आणि तिचा अँटेना, आणि तो वाचणारा तो रीडर. पाठवणं आणि ऐकणं दोन्ही करणारी चिप ती ट्रान्सीव्हर. भर यूएचएफ रीडरवर, म्हणजे ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या रीडरवर आहे. वाचणाऱ्याला डेसिबल आणि मिक्सर हे शब्द ओळखीचे आहेत असं धरलं आहे.

रीडरची ट्रान्सीव्हर चिप नेमकं काय करते?

फास्टॅगचं उदाहरण घ्या. आनेवाडी किंवा तासवडे टोलनाक्यावर लेनच्या वर जी चपटी पेटी दिसते, ती अँटेना. तिच्यामागच्या रीडरमध्ये एक आयसी असते. ती वाहक लहर तयार करते, तिच्यावर आज्ञा चढवते, टॅगचं उत्तर पकडते, त्यातून बिट्स काढते आणि प्रोसेसरला देते. आत सिंथेसायझर (नेमकी फ्रिक्वेन्सी तयार करणारा भाग), मॉड्युलेटर, पॉवर अँप्लिफायरचा निदान पहिला टप्पा, मिक्सर, फिल्टर, एडीसी (सिग्नलचे डिजिटल आकडे करणारा भाग) आणि प्रोटोकॉलचा डिजिटल भाग असतो. नावं सगळी मोबाइलच्या किंवा वायफायच्या चिपमधलीच आहेत, पण प्रत्येक भागाची गरज इथे वेगळी ठरते. का, ते पुढे येईलच.

टॅगमध्ये बॅटरी नसते, मग तो उत्तर कसं देतो?

टॅग स्वतः काहीच प्रक्षेपित करत नाही. रीडरच्या लहरीतून तो आपल्यापुरती वीज काढतो. आजच्या चांगल्या टॅगला जागं व्हायला साधारण −२० डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेले डेसिबल), म्हणजे १० मायक्रोवॅट पुरतात. मग तो आपल्या अँटेनावरचा भार बदलत राहतो, त्यामुळे परत फिरणारी लहर कमी-जास्त होते आणि तेच त्याचं उत्तर. याचा अर्थ असा, की टॅग बोलत असताना रीडरला गप्प बसता येत नाही. त्याने लहर थांबवली तर टॅगची वीजही गेली आणि उत्तरही गेलं.

मग साध्या रेडिओ रिसीव्हरपेक्षा यात अवघड काय?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

मोबाइलमध्ये पाठवण्याची आणि ऐकण्याची फ्रिक्वेन्सी वेगळी असते, किंवा वेळ तरी वेगळी असते. इथे दोन्ही एकच. रीडर १ वॅटने, म्हणजे ३० डीबीएमने प्रक्षेपण करतोय आणि त्याच क्षणी, त्याच फ्रिक्वेन्सीवर, बहुतेक वेळा त्याच अँटेनातून ऐकतोय. कुस्तीच्या मैदानात स्वतः हलगी वाजवता वाजवता शेजारच्याची कुजबुज ऐकायची, असं हे काम आहे.

आकडे मांडून बघा. ८६६ मेगाहर्ट्झला १० मीटर अंतरात मोकळ्या हवेतला तोटा सुमारे ५१ डीबी. ६ डीबीआयचा अँटेना लावला तर बाहेर पडतात ३६ डीबीएम, आणि टॅगच्या अँटेनाचा २ डीबी फायदा धरला तर त्याला मिळतात साधारण −१३ डीबीएम. परावर्तनात ६ डीबीच्या आसपास जातात, परतीच्या वाटेवर पुन्हा ५१ डीबी जातात, आणि दोन्ही अँटेनांचा २ आणि ६ डीबी फायदा पुन्हा मिळतो. ध्रुवीकरणाचा थोडा तोटा धरून रीडरच्या अँटेनाच्या तोंडाशी उरतात साधारण −६५ डीबीएम.

आता आपलीच गळती, म्हणजे आपल्याच प्रक्षेपणातली जी लहर थेट रिसीव्हरमध्ये शिरते ती. एकच अँटेना असला की पाठवण्याची आणि ऐकण्याची वाट वेगळी करायला सर्क्युलेटर हा भाग लावतात. सर्क्युलेटरच्या डेटाशीटमध्ये २० डीबी आयसोलेशन लिहिलेलं असतं, म्हणून मुलं ३० मधून २० वजा करतात आणि गळती १० डीबीएम आहे असं सांगतात. पण अँटेनाचा व्हीएसडब्ल्यूआर (अँटेना किती नीट जुळला आहे ते सांगणारा आकडा, १ म्हणजे अचूक) १.५ असेल, आणि तो बऱ्यापैकी चांगला मानला जातो, तर रिटर्न लॉस, म्हणजे परतणारी लहर पाठवलेल्या लहरीपेक्षा जितकी कमी असते तो फरक, फक्त १४ डीबी. अँटेनावरून परतलेली लहर सर्क्युलेटर इमानेइतबारे रिसीव्हरकडेच पाठवतो, कारण त्याचं कामच ते. म्हणजे गळती झाली १६ डीबीएम. सिग्नल −६५, गळती +१६. फरक ८१ डीबी, म्हणजे सुमारे साडेबारा कोटी पट.

यावरून माझं ठाम मत असं, की या चिपचं डिझाइन ब्लॉक डायग्रामपासून सुरू करूच नये. आधी एका कागदावर गळतीचा हिशोब मांडावा. मिक्सर कुठला, एडीसी किती बिटचा, सिंथेसायझर किती शांत, या सगळ्यांची उत्तरं त्याच कागदातून निघतात.

गळती कमी कशी करायची?

पहिला उपाय स्वस्त आणि दुर्लक्षित आहे : अँटेना सुधारा. व्हीएसडब्ल्यूआर १.५ वरून १.२ वर आणला तर रिटर्न लॉस जवळजवळ २१ डीबी होतो आणि अँटेनावरून परतणारी गळती तिथल्या तिथे ७ डीबीने उतरते.

दुसरा उपाय, सर्क्युलेटरऐवजी डायरेक्शनल कपलर, म्हणजे एका दिशेने जाणाऱ्या लहरीचा ठरावीक हिस्सा काढून देणारा भाग. १० डीबीचा कपलर टॅगच्या सिग्नललाही १० डीबीने मारतो, म्हणून पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे पटत नाही. पण अँटेनावरून परतणारी गळतीही तेवढीच घटते, ती १६ वरून ६ डीबीएमवर येते आणि मिक्सरला झेपते. रिसीव्हरमधला नॉइज मुळात गळतीबरोबरच येत असेल, तर सिग्नल आणि गळती दोन्ही सारख्या प्रमाणात कमी झाल्याने फारसं बिघडत नाही. शिवाय सर्क्युलेटरमधलं फेराइट चिपवर बसत नाही आणि महागही पडतं.

तिसरा उपाय खरा चिप-डिझायनरचा : गळती रद्द करणं. ट्रान्समीटरमधून थोडी लहर काढून घ्यायची, व्हेक्टर मॉड्युलेटरने तिचा आकार गळतीएवढा आणि फेज बरोबर उलट करायचा, आणि मिक्सरच्या आधी ती मिसळायची. ३० डीबी रद्द करायला एकूण चूक ३ टक्क्यांच्या आत हवी. आकार अगदी बरोबर असला, पण फेज १.८ अंशाने चुकला तरी ३० डीबीलाच अडकता. ४० डीबी हवे असतील तर १ टक्का.

आणि हे एकदा जुळवून भागत नाही. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर रीडर लावला आहे असं समजा. रिकामी ट्रॉली येते, भरलेली येते, बैलगाडी येते. प्रत्येक वेळी अँटेनासमोरचं लोखंड बदलतं, परत येणारी लहर बदलते. सकाळच्या थंडीत आणि दुपारच्या उन्हात खांबावरच्या पेटीचं तापमान वेगळं असतं. म्हणून चिपने हे आपलं आपण शोधलं पाहिजे. शोधायचं कसं, याची एक सुंदर सोय इथेच दडलेली आहे : डायरेक्ट कन्व्हर्जन रिसीव्हरमध्ये, म्हणजे सिग्नल थेट शून्य फ्रिक्वेन्सीवर उतरवणाऱ्या रिसीव्हरमध्ये, गळती डीसीवर उतरते. आय आणि क्यू या एकमेकींपासून ९० अंशांवरच्या दोन वाटांवरचा डीसी मोजला की गळतीचा आकार आणि फेज दोन्ही हातात येतात. तेवढे दोन आकडे घेऊन व्हेक्टर मॉड्युलेटर फिरवत राहायचा.

एलएनए (लो-नॉइज अँप्लिफायर) पहिला लावायचा, असं पुस्तकात शिकलो. इथेही तसंच का?

सहसा नाही. एलएनए लावतात तो रिसीव्हरचा स्वतःचा नॉइज दबावा म्हणून. १ मेगाहर्ट्झ पट्ट्यात उष्णतेचा नॉइज −११४ डीबीएम असतो आणि आपला सिग्नल −६५, किंवा कपलर लावला तर −७५. नॉइज फिगर २० डीबी असली तरी जागा उरते. उलट १६ किंवा ६ डीबीएमची गळती एलएनएमधून वाढवून मिक्सरवर सोडली तर पुढचं सगळं सॅच्युरेट होतं. म्हणून सरळ पॅसिव्ह मिक्सर पहिला ठेवतात. त्यातून डीसी करंट वाहत नाही, त्यामुळे फ्लिकर नॉइज कमी राहतो, आणि मोठी लहरही तो सहन करतो. काही चिपमध्ये एलएनए असतो, पण त्याला वळसा घालायची सोय ठेवलेली असते. गळती चांगली रद्द झाली तरच तो चालू करायचा.

आय आणि क्यू, दोन्ही वाटा खरंच लागतात का? एक वाचवली तर निम्मी जागा वाचेल.

लागतात. लहरीची लांबी ३४.६ सेंटिमीटर. टॅग ठरावीक जागी असला की त्याचं उत्तर लोकल ऑसिलेटरशी, म्हणजे मिक्सरला दिलेल्या रीडरच्या स्वतःच्या लहरीशी, ९० अंशात येतं आणि एका वाटेवर काहीच दिसत नाही. तिथून फक्त ४.३ सेंटिमीटर सरकला की तीच वाट पूर्ण भरते. एकच वाट ठेवली तर वाटेत दर ८.६ सेंटिमीटरला एक आंधळी जागा येते. दोन्ही ठेवल्या की एक बंद पडते तेव्हा दुसरी चालते. इथे कंजुषी करू नका.

फेज नॉइजचं एवढं काय? सिग्नल तर किलोहर्ट्झमध्ये आहे.

गळती जाते तिथे तिच्याबरोबर सिंथेसायझरचा फेज नॉइजही, म्हणजे लहरीच्या फेजची थरथरही, जाते. २५० किलोहर्ट्झ अंतरावर तो −१२० डीबीसी (वाहकाच्या तुलनेत डेसिबल) प्रति हर्ट्झ आहे असं धरा. गळती १६ डीबीएम. म्हणजे प्रत्येक हर्ट्झमागे −१०४ डीबीएम, आणि ३०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात एकूण −४९ डीबीएम. आपला सिग्नल −६५. बुडाला.

तरीही रीडर चालतात, कारण मिक्सरला दिलेली लोकल ऑसिलेटरची लहर त्याच सिंथेसायझरची असते. गळती आणि ऑसिलेटर यांचा फेज सारखाच थरथरतो, आणि मिक्सरमध्ये ती थरथर बरीचशी आपोआप कटते. किती कटते ते गळती किती उशिरा परत येते यावर अवलंबून. २ मीटर केबल आणि तिच्या टोकाला अँटेना असेल तर जाण्यायेण्यात साधारण २० नॅनोसेकंद जातात, आणि २५० किलोहर्ट्झला सुमारे ३० डीबी सुटका मिळते. −४९ चे −७९ झाले, सिग्नल १४ डीबी वर आला. केबल १० मीटरची केली तर या सुटकेतले जवळजवळ १४ डीबी गेले, आणि सिग्नल पुन्हा नॉइजच्या पातळीवर. केबलमधला तोटा वेगळाच. रीडर ऑफिसात आणि अँटेना गेटवर, अशी मांडणी करणाऱ्यांनी हा हिशोब जरूर करावा.

ट्रान्समीटरच्या लहरीच्या आकारातला नॉइज मात्र असा कटत नाही. तो पॉवर अँप्लिफायरच्या सप्लायमधून येतो, म्हणून रेग्युलेटर स्वस्तातला घेऊ नये.

डीसी कापायला कपॅसिटर लावला, तर सुरुवातीचे बिट्स का हरवतात?

रीडरची आज्ञा संपली की टॅग फार थांबत नाही. जेन-२ या यूएचएफ टॅगच्या प्रोटोकॉलमध्ये सगळ्यात जलद मांडणीत, म्हणजे टारी (रीडरच्या शून्य बिटाची लांबी) ६.२५ मायक्रोसेकंद आणि टॅगची लिंक फ्रिक्वेन्सी ६४० किलोहर्ट्झ असताना, ही उसंत १५.६ मायक्रोसेकंदांची असते. आज्ञा देताना रीडरची लहर चालू-बंद होत होती, तेव्हा गळतीही उसळत होती आणि कपॅसिटरवर भलताच चार्ज साठला होता. तो या उसंतीत उतरला नाही तर उत्तराची सुरुवातच गेली.

उपाय : हाय-पास फिल्टरचा कोपरा, म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सीखालचं तो कापतो ती हद्द, बदलता ठेवा. आज्ञा चालू असताना आणि संपल्यावर काही मायक्रोसेकंद तो बराच वर ठेवायचा, म्हणजे चार्ज झटकन निघतो. टॅग बोलायच्या आत खाली आणायचा. स्विच बदलताना बसणारा छोटा धक्का सिम्युलेशनमध्ये जरूर बघा. टॅगच्या उत्तरासाठी एफएम-झिरोऐवजी मिलर हे कोडिंग वापरलं तर सिग्नल डीसीपासून दूर सरकतो आणि काम सोपं होतं, पण वेग कमी होतो.

१ वॅटचा पॉवर अँप्लिफायर चिपवरच घ्यावा का?

हातात धरायच्या छोट्या रीडरसाठी चिपवर २० डीबीएमच्या आसपास काढणं ठीक. १ वॅटसाठी बाहेरचा अँप्लिफायर लावा. सीएमओएसचे ट्रान्झिस्टर एवढा व्होल्टेजचा झोका सोसत नाहीत, उष्णता शेजारच्या सिंथेसायझरला हलवते, आणि सब्सट्रेटमधून होणारी गळती कुठलाही व्हेक्टर मॉड्युलेटर पूर्ण रद्द करत नाही.

मॉड्युलेशनमध्ये, म्हणजे लहरीवर आज्ञा चढवण्याच्या पद्धतीत, मुभा आहे : डीएसबी-एएसके, एसएसबी-एएसके, पीआर-एएसके. पीआर-एएसके कमी जागेत मावतं आणि टॅगला जास्त वेळ वीज मिळते. कडा डीएसी आणि फिल्टरने गोलसर करूनच सोडा. नाहीतर शेजारच्या चॅनेलवर उपद्रव होतो.

भारतात कुठली फ्रिक्वेन्सी, किती पॉवर?

२००५ च्या नियमांनी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा विनापरवाना वापरायला मोकळा झाला : ट्रान्समीटर १ वॅट, प्रभावी प्रक्षेपित पॉवर ४ वॅट, वाहक रुंदी २०० किलोहर्ट्झ. २०२१ मध्ये पट्टा ८६८ पर्यंत वाढला. विनापरवाना म्हणजे विनामंजुरी नव्हे. उत्पादन विकायचं तर डब्ल्यूपीसीची (केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची) ईटीए, म्हणजे उपकरण-प्रकाराची मंजुरी, लागते. अमेरिकेचा पट्टा ९०२ ते ९२८ आहे. तिथून मागवलेला रीडर किंवा अँटेना इथे तसाच वापरू नका.

याच पट्ट्यात लोरा, म्हणजे कमी विजेत लांबवर बोलणारी रेडिओ उपकरणंही चालतात. शेतावरचे पंप आणि सेन्सर तिथेच बोलत असतील, तर रीडरने आपल्या मर्यादेत राहणं ही शेजारधर्माची गोष्ट आहे.

एकाच वेळी शंभर टॅग समोर आले तर?

हे डिजिटल भागाचं काम. रीडर क्यू हा आकडा (वरच्या आय-क्यू वाटांमधला क्यू नव्हे) सांगतो, टॅग दोनाच्या क्यूव्या घाताइतक्या खणांतून आपला खण निवडतात, आणि आपली पाळी आली की १६ बिटांचा यादृच्छिक आकडा पाठवतात. टक्कर जास्त झाली की क्यू वाढवायचा, रिकामे खण जास्त आले की कमी करायचा. व्हेरिलॉग या डिजिटल सर्किट लिहायच्या भाषेत हे लिहिणं चांगला सराव आहे.

हळदीच्या पोत्यांवर, बेदाण्याच्या बॉक्सवर टॅग नीट वाचले जातील का?

बेदाण्याच्या पुठ्ठ्याच्या बॉक्सवर, हो. सांगलीच्या यार्डात थप्पीच्या आतल्या पोत्यांचं मात्र सांगता येत नाही. ओलावा यूएचएफ लहर शोषतो, टॅग ओल्या मालाला चिकटला की त्याच्या अँटेनाचं ट्यूनिंग सरकतं आणि त्याला वीजच पुरेशी मिळत नाही. यात रीडरची चिप कितीही चांगली असली तरी उपयोग नाही, कारण अडचण जायच्या वाटेवर आहे. ट्रॉलीसारख्या लोखंडावर साधा स्टिकर टॅग चालत नाही. धातूवर बसवायचा जाड टॅगच घ्या.

जनावरांच्या कानातल्या टॅगसाठी हीच चिप चालेल का?

नाही. जनावरांच्या इलेक्ट्रॉनिक टॅगचं आयएसओ ११७८४ आणि ११७८५ हे मानक १३४.२ किलोहर्ट्झवर आहे. तिथे लहर नसते, जवळच्या कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र असतं. १३.५६ मेगाहर्ट्झच्या कार्डांचंही तसंच. सर्किट वेगळं, चिप वेगळी.

तयार चिप मिळतात, मग नवी कशाला?

प्रश्न रास्त आहे. इंटेलने २००७ मध्ये आर-१००० आणली, पुढच्याच वर्षी तो व्यवसाय इंपिंजकडे गेला, आणि आज इंपिंजची ई मालिका आणि एसटीची एसटी-२५-आरयू-३९९३ सहज मिळतात. दहा-वीस रीडर बनवायचे असतील तर याच वापरा, स्वतःची चिप करण्यात पैसे घालू नका. पण टोलनाक्यांपासून गोदामांपर्यंत रीडर लाखांनी लागणाऱ्या देशात ही चिप आपल्याला करता आली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. ८६६ मेगाहर्ट्झ ही फार उंच फ्रिक्वेन्सी नाही. जुनी, स्वस्त १८० किंवा १३० नॅनोमीटर प्रोसेस पुरते. अवघड आहे तो गळतीचा हिशोब, आणि त्याला महागडी फॅब (चिप बनवणारा कारखाना) लागत नाही.

सांगली-साताऱ्यात बसून हे शिकता येईल?

येईल. स्कायवॉटरची १३० नॅनोमीटर प्रोसेस २०२० पासून खुली आहे. जर्मनीच्या आयएचपीची एसजी-१३-जी-२ ही १३० नॅनोमीटर सिलिकॉन-जर्मेनियम प्रोसेसही खुली आहे, आणि आरएफसाठी ती मला जास्त आवडते. एक्सस्केम, एनजीस्पाइस, मॅजिक, केलेआउट ही चिप डिझाइनची साधनं फुकट आहेत, साध्या लॅपटॉपवर चालतात. २०२२ पासूनच्या चिप्स टू स्टार्टअप योजनेत बेंगळुरूच्या सी-डॅकमधल्या चिपिन केंद्रातून महाविद्यालयांना व्यावसायिक साधनं मिळतात, आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरवर चिप बनते. आपलं महाविद्यालय योजनेत आहे का, ते विभागप्रमुखांना विचारा. नसेल तर अर्ज करायला लावा.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये किती धरावं?

पूर्ण ट्रान्सीव्हर धरू नका. एक पॅसिव्ह मिक्सर आणि त्यामागचा बदलत्या कोपऱ्याचा फिल्टर, एवढं वर्षभराचं काम आहे. सिम्युलेशनमध्ये इनपुटला ६ डीबीएमची गळती आणि −७५ डीबीएमचं मिलर-४ उत्तर एकत्र द्या, आणि १५ मायक्रोसेकंदांच्या आत आउटपुट स्थिरावतं का ते बघा. नुसता लहान सिग्नल देऊन काढलेले गेनचे आलेख या चिपबद्दल काहीच सांगत नाहीत. ज्यांना लेआउटपर्यंत जायचं नाही, त्यांनी गळती रद्द करणारं सर्किट सुट्या भागांतून बोर्डवर बांधावं : एक कपलर, एक व्हेक्टर मॉड्युलेटर, एक मायक्रोकंट्रोलर. अँटेनासमोर पत्रा पुढे-मागे हलवायचा आणि गळती पुन्हा किती मिलिसेकंदांत खाली येते ते मोजायचं. प्रयोगशाळेत व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझर नसेल तर नॅनोव्हीएनए या कामाला पुरतो. फक्त १ वॅटचा सिग्नल थेट त्याच्या पोर्टवर देऊ नका, मध्ये ३० डीबीचा अटेन्युएटर लावा.